उलट्या गणिताचा आबा

आमच्या बॅचचे सगळे प्रयोग एकट्या आबानं केले. म्हणजे केले नाहीत, लिहिले.

आबाचं खरं नाव हजेरीपुरतं होतं. ऐन विशीत त्याला 'आबा' हे नाव पडलं ते त्याच्या बैठकीमुळे. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या कॉटवर मांडी ठोकून, पुढ्यात कॅल्क्युलेटर ठेवून तो बसला की दाराशी रांग लागायची.

"आबा, व्हेंच्युरीमीटरची रीडिंग्ज दे की."

"रोल नंबर?" आबा मान वर न करता विचारायचा. लागोपाठच्या दोन रोल नंबरांना सारखी रीडिंग्ज द्यायची नाहीत, हे त्याचं व्रत होतं.

जर्नल लिहायचा क्रम ठरलेला. एम, अ‍ॅपरेटस, थिअरी, प्रोसिजर, ऑब्झर्व्हेशन टेबल, कॅल्क्युलेशन, ग्राफ, रिझल्ट, कन्क्लुजन. बाकीचे लोक वरून खाली यायचे, आबा खालून वर जायचा. आधी तळाशी व्हेंच्युरीमीटरचा गुणांक लिहायचा, ०.९८. मग टाकीत दहा सेंटिमीटर पाणी चढायला किती सेकंद लागले ते आपल्या मर्जीनं ठरवायचं. त्यावरून प्रत्यक्ष प्रवाह काढायचा, त्याला ०.९८ नं भागून सैद्धांतिक प्रवाह, तो सूत्रात उलटा घालून हेड, आणि हेडला १२.६ नं भागलं की मॅनोमीटरमधल्या पाऱ्याचा फरक हजर. एवढं सगळं होईपर्यंत पारा लॅबमध्ये कुलपात असायचा.

लॅबमध्ये प्रत्यक्ष काय व्हायचं? लॅबच्या शिपाईमामांनी मोटर चालू केली की नळीत हवेचे बुडबुडे शिरायचे, पारा खालीवर उसळ्या मारायचा, आणि एकुलत्या एक स्टॉपवॉचचं बटण नेमकं तेव्हाच अडकायचं. अशा रीडिंग्जमधून एका सज्जनाचा गुणांक १.१२ आला. घर्षणच नसलेल्या आदर्श पाण्यापेक्षा आमच्या कॉलेजचं पाणी जास्त वाहिलं होतं. त्यानं तसंच लिहिलं. सरांनी लाल पेनानं 'रिपीट' लिहिलं. रात्री तोही रांगेत दिसला.

पण आबाला नुसता थापाड्या म्हणणं अन्याय होईल. "पाचही वेळा ०.९८ आलं तर सर हाकलून देतील," तो म्हणायचा. म्हणून एक ०.९६, एक ०.९७, आणि चौथं रीडिंग हमखास ०.९३. ग्राफवर तो चौथा ठिपका रेषेपासून जरा बाजूला काढायचा, आणि कन्क्लुजनमध्ये लिहायचं, 'चौथ्या निरीक्षणातील तफावत पॅरलॅक्स एररमुळे असावी.' वेळ कधीही सरळ ३० सेकंद लिहायची नाही, २९.४ लिहायची. शेवटी पानावर पाण्याचे दोन थेंब शिंपडायचे. फ्लुइड मेकॅनिक्सचं जर्नल अगदीच कोरडं दिसू नये.

गणनयंत्राचे आराखडे करणाऱ्या चार्ल्स बॅबेजनं १८३० सालीच इंग्लंडमधल्या विज्ञानाच्या अवनतीवर पुस्तक लिहून आकड्यांच्या लबाड्यांची प्रतवारी लावली होती. कुणी जास्तीचे आकडे छाटून ते कमी पडणाऱ्यांना जोडतो, कुणी ढीगभर निरीक्षणांतून सोयीची तेवढीच पानात वाढतो. हे मी आबाला सांगितलं. त्यानं नाक मुरडलं. "म्हणजे हे लोक आधी रीडिंग्ज घ्यायचे? वेळ बराच होता त्यांच्याकडे."

गंमत म्हणजे ते सूत्र आमच्यात फक्त त्यालाच कळलं होतं. ओरलला एक्स्टर्नलनी विचारलं, "पाऱ्याचा फरक दुप्पट झाला तर प्रवाह किती वाढेल?" व्हॉल्व्ह फिरवणारे सगळे जमिनीकडे बघू लागले. आबा म्हणाला, "१.४१ पट, सर. दोनाचं वर्गमूळ."

त्याच दिवशी त्याच्यावर संकट आलं. प्रॅक्टिकलला व्हेंच्युरीमीटरचीच चिठ्ठी निघाली आणि एक्स्टर्नल शेजारीच उभे राहिले. आबानं आयुष्यात पहिल्यांदा व्हॉल्व्ह उघडला, पारा वाचला, पाणी मोजलं, आणि वरून खाली गणित केलं. उत्तर आलं ०.९७. आबाचा चेहरा उतरला. त्यानं पुन्हा गणित केलं. पुन्हा ०.९७.

"मामा," तो हळूच म्हणाला, "मशीन बिघडलंय का हो?"

एक्स्टर्नल पुढच्या टेबलाकडे वळताच त्यानं २४.६ सेकंदांचे २५.१ केले, गुणांक ०.९५ वर आणला, आणि निर्धास्त मनानं फरकाचं कारण लिहिलं: मानवी चूक.