मालवण बघा, आपल्या माणसाबरोबर

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, तेव्हा वाटणीत समुद्राचा विषयच निघाला नाही. आपल्याला औंढ्याचा नागनाथ मिळाला, नर्सीचे नामदेव मिळाले, सिद्धेश्वरचं धरण मिळालं. लाटा बघायच्या तर मालवण गाठावं लागतं. तिथं गाइड, लॉज असल्या भानगडीत पडू नका. स्थानिक माणूस धरा. कसा धरायचा, ते नवशिक्यांसाठी सांगतो.

१. स्थानिक माणूस हिंगोलीतच शोधा. सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागलेले एखादे सर सेनगाव, कळमनुरी, वसमत, कुठल्या ना कुठल्या तालुक्यात निघतातच. साडूच्या भावकीत आधी विचारा. नंबर मिळाला की फोन लावा आणि म्हणा, "ओळखलं का?" ओळखायचं काही कारणच नसतं, तरी सर "हो हो" म्हणतील. परमुलखात गावाकडची बोली कानावर पडली की माणूस हळवा होतो. तेवढ्यात तारीख सांगून टाका.

२. दिवाळीच्या सुट्टीत जा. अडचण एवढीच की त्याच सुट्टीत सरही गावाकडे निघालेले असतात. त्यांना तिकीट रद्द करायला लावा. वाईट वाटेल बिचाऱ्यांना. पण तुम्ही नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर अशा एसट्या बदलत येताय, त्याचं काय? पावसाळ्यात मात्र जाऊ नका. किल्ल्याच्या होड्या बंद, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि शाळा चालू.

३. मानधन म्हणून जवारीचं पीठ, कारळाची चटणी आणि वसमतची हळद न्या. तांदळाची भाकरी खाऊन सर कंटाळलेले असतात. पिशवी शेवटच्या दिवशी द्या. आधी दिली की उत्साह टिकत नाही.

४. सिंधुदुर्ग किल्ला सरांना तोंडपाठ आहे, कारण शाळेची सहलही तिथंच जाते. कुरटे बेट, १६६४ साली बांधकामाला सुरुवात, ४८ एकर, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे. सगळं ऐकून घ्या, मधे हजेरीसारखं "हो सर" म्हणत चला. फक्त दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव आल्यावर 'चारी बाजूंनी खारं पाणी, मग विहिरी गोड कशा?' हे विचारू नका. सर भूगोलाचे निघाले तर परतीची होडी चुकते.

५. तारकर्लीला तुम्ही पाण्यात उतरा, सर चपला सांभाळतील. त्यांना पोहता येत नाही, हा विषय चारचौघांत काढू नका. किनाऱ्यावर रापण ओढणारी माणसं दिसली तर दोर धरून फोटो काढा. फोटो निघाला की दोर सोडा. पुढचं ओढणं त्यांचं त्यांना जमतं.

६. संध्याकाळी माशांचा लिलाव बघा. आपल्या मोंढ्यातल्या हळदीच्या बिटासारखाच असतो, फक्त इथला माल पायावर उडी मारू शकतो. सरांना सुरमई आणि बांगडा ओळखता येतो. बाकी सगळ्या माशांना ते "लोकल आहे" म्हणतात. भाव करायला त्यांनाच पुढं ढकला. पहिलीच्या पोरांकडून ते मालवणी शिकलेत. झील, चेडू, खय एवढं झकास येतं. मासेवाल्या मावशी कौतुकानं हसतात आणि भाव तोच सांगतात.

७. सरांच्या खोलीची मालकीण जन्मापासून मालवणची आहे. कुठं ताजं मिळतं, ओहोटी कधी, कुणाची होडी धड आहे, हे सगळं तिला माहीत असतं. तिला काही विचारू नका. आपला माणूस असताना परक्याला कशाला त्रास?

८. निघताना सर हळूच आंतरजिल्हा बदलीचं काढतील. अर्ज केलाय, हिंगोलीत कुणी ओळखीचं आहे का, असं विचारतील. खांद्यावर हात ठेवून "बघतो की" म्हणा आणि गाडीत बसा. खरोखर बघायला जाऊ नका. सर हिंगोलीला आले तर पुढच्या दिवाळीत उतरायचं कुठं? तरीही नशिबानं झालीच बदली, तर पेढे घेऊन जा, अभिनंदन करा आणि त्यांच्या जागेवर कोण जातंय, त्याचा नंबर घ्या.