लेआऊटचा रस्ता कुणाच्या पैशाने? नवशिक्या प्लॉटधारकांसाठी सोपी मार्गदर्शिका

शेती कळसाडीला, मुलं शाळेला शहाद्याला, म्हणून तालुक्याच्या गावाबाहेर एखादा प्लॉट घ्यावा, असा बेत ज्यांच्या घरी शिजतो आहे त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. प्लॉट घेणं सोपं असतं. खरेदीखत होतं, पेढे वाटले जातात. खरं कसब लागतं ते पुढे, घरापर्यंतचा रस्ता कुणी करायचा हा वाद चालवायला. पायऱ्या क्रमाने चढल्यात तर वाद मुलांची शाळा संपेपर्यंत आरामात टिकेल.

पायरी १ : मुहूर्त साधा

प्लॉट आखाजीच्या सुमारास बघावा. तेव्हा काळी जमीन दगडासारखी कडक असते. फक्कीने आखलेले रस्ते, चुना लावलेले दगड, तोंडाशी कमान आणि कमानीखाली दोन ट्रॉल्या मुरूम, एवढ्यावर कुणाचंही मन भरतं. "रस्त्याचं काय?" असं विचारलंत तर उत्तर येईल, "व्हई जाई, भाऊ." हे लेखी मागू नका, उगाच वातावरण बिघडतं.

पोळ्याच्या आसपास मात्र चुकूनही जाऊ नका. तोवर काळ्या मातीने मुरूम गिळलेला असतो. मोटारसायकलच्या मडगार्डात चिखल असा गच्च बसतो की चाक फिरत नाही, आणि पऱ्हाटीच्या काडीने तो उकरत असताना माणसाला नको ते प्रश्न सुचतात.

पायरी २ : पात्रं ओळखा

लेआऊटवाला म्हणेल, "रस्ता नकाशात सोडलाय. आता तो पालिकेचा."

पालिका म्हणेल, "हस्तांतरण झालेलं नाही. आम्ही खर्च कसा टाकणार?"

जागा हद्दीबाहेर असेल तर ग्रामपंचायत म्हणेल, "हद्दवाढ होणारच आहे. थोडं थांबा."

जुन्या गावठाणातला करदाता म्हणेल, "आमची गटार तुंबलीय, आणि आमच्या घरपट्टीतून यांच्या प्लॉटचे भाव का वाढवायचे?" या शेवटच्या माणसाचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच त्याला कुणी उत्तर देत नाही.

पायरी ३ : कागद वाचू नका

वाचलेत तर वादातली मजा जाते. लेआऊट मंजूर करणाऱ्या आदेशात बहुधा अटच असते की रस्ते, गटारं, दिव्यांचे खांब जागामालकाने स्वतःच्या खर्चाने करून द्यायचे. आधी तात्पुरती मंजुरी आणि कामं झाल्यावर अंतिम, असा क्रम असतो. प्लॉट मात्र तात्पुरत्या मंजुरीवरच विकून मोकळे होतात. मग अंतिमची घाई कुणाला?

१९६६ च्या नगररचना कायद्यात विकास शुल्काचं प्रकरण १९९२ साली घातलं गेलं. म्हणजे रस्त्याचा पैसा एकदा प्लॉटच्या भावात गेला, बांधकाम परवानगी घेताना शुल्कात गेला आणि पुढे दरसाल घरपट्टीत जात राहतो. एवढं देऊनही चिखल तुमचाच.

१ मे २०१७ पासून महारेरा आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठहून जास्त प्लॉटच्या लेआऊटला नोंदणी लागते, आणि कबूल केलेला रस्ता झाला नाही तर तिथे तक्रार करता येते. हा परिच्छेद विसरून जा.

आणि स्वस्तात मिळतो म्हणून गुंठेवारीचा प्लॉट घेतलात तर प्रश्नच मिटला. २००१ च्या कायद्याने तो नियमित करून घेताना विकासाचा आकार प्लॉटधारकानेच भरायचा असतो. अभिनंदन, विकासक तुम्हीच.

पायरी ४ : मोठे दाखले द्या

चहाच्या टपरीवर वाद रेंगाळला तर कोल्हापूर काढा. तिथे ना बिल्डर, ना करदाता, असा तिसरा मार्ग निघाला होता. कंपनीने शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते करायचे आणि टोलमधून पैसे वसूल करायचे. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं रस्त्यावर उतरली, शहर पेटलं, आणि शेवटी टोल गेला. पण कंपनीचे पैसे कुणी दिले? सरकारने. सरकारकडे कुठून आले? इथे चहाचा घोट घ्या.

परदेशचा दाखला हवाच असेल तर कॅलिफोर्नियाचा द्या. तिथल्या एल डोराडो काउंटीने तयार घर आणून ठेवणाऱ्या माणसाकडून रहदारीपोटी २३,४२० डॉलर घेतले. आकारणी आणि घरामुळे वाढणारी रहदारी यांचा मेळ बसतो का, या कसोटीतून कायद्याने ठरवलेली सरसकट आकारणीही सुटत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली सांगितलं. तिकडे आधी पैसे आणि मग भांडण. आपल्याकडे पैसे आणि भांडण दोन्ही चालू, रस्ता तेवढा नंतर.

पायरी ५ : निधी आणा

निवडणूक जवळ आली की आमदार निधीचा प्रस्ताव घेऊन जा. कुदळ पडेल, नारळ फुटेल, फलक लागेल, कदाचित रस्ताही होईल. त्या जागेचा सातबारा अजून मूळ मालकाच्याच नावावर आहे, हे भूमिपूजनाच्या दिवशी बोलू नये. ज्याने करायचा होता तो सुटला आणि ज्याचा संबंध नव्हता त्या करदात्याने भरलं, हेही बोलू नये. पुढचा लेआऊट पाडणारा मात्र हे सगळं नीट बघत असतो. त्याचा मुरूम एका ट्रॉलीने कमी होतो.

धोक्याची सूचना

खालील तीन गोष्टी केल्यास वाद अकाली मिटू शकतो. अंतिम मंजुरीचा आदेश हातात आल्याशिवाय खरेदी न करणे. रस्ता आणि मोकळी जागा पालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावावर चढली का, हे उताऱ्यावर पाहणे. आणि सगळ्या प्लॉटधारकांनी मिळून थोडी रक्कम रस्ता होईपर्यंत हातात ठेवणे.

शेवटची पायरी

समजा एवढं सगळं होऊन तुमच्या दारात डांबर पडलंच. आता तुम्ही जुने रहिवासी. दोन वर्षांत पलीकडच्या शेतात नवा लेआऊट पडेल, तिथली माणसं चपला हातात घेऊन सभेला येतील आणि रस्ता मागतील. तेव्हा पहिल्या रांगेत बसा, उभे राहा आणि ठणकावून विचारा, "आमच्या घरपट्टीतून का?"