कांदा वर की खाली?

२०१८ च्या नोव्हेंबरात सगळ्या ऑस्ट्रेलियात कांद्यावरून वाद पेटला होता. बनिंग्ज नावाची तिथली खिळे, नळ, रंग, फावडी विकणारी दुकानांची मोठी साखळी आहे. तिच्या दारात शनिवार-रविवारी गावातली मंडळं आणि शाळा तव्यावर सॉसेज भाजून, पावाच्या स्लाइसमध्ये गुंडाळून विकतात आणि वर्गणी उभी करतात. सोबत परतलेला कांदा. तर कंपनीनं फर्मान काढलं की यापुढे पावावर आधी कांदा घालायचा आणि मग सॉसेज. का, तर वर ठेवलेला कांदा फरशीवर सांडतो आणि त्यावरून गिऱ्हाईक घसरून पडतं. झालं! रेडिओवर फोन खणखणले, टीव्हीवर चर्चा झडल्या आणि पत्रकारांनी थेट पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांना भूमिका विचारली. मुरलेला गडी. कांदा वर असो की खाली, आपण सॉसेज घेतच राहणार, असं सांगून ते मोकळे झाले.

मी नाशिक जिल्ह्यातली. माझा थोरला भाऊ चांदवडकडे कांदा लावतो आणि लासलगावला नेऊन विकतो. कांदा वर गेला की दिल्ली रडते आणि खाली आला की आम्ही रडतो, एवढं राजकारण मला शाळेत जायच्या आधीपासून कळतं. १९९८ साली दिल्लीतलं सरकार कांद्यानं घालवलं आणि २०२४ च्या लोकसभेला आमच्या दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या त्यातही निर्यातबंदीचा मोठा वाटा होता. त्यामुळे कांद्यावरून माणूस घसरतो हे मला चटकन पटलं. आमच्याकडे फक्त घसरणाऱ्यांच्या गाडीवर दिवा असायचा.

ही कथा मला जावयांनी ऐकवली. २०२५ च्या एप्रिलमध्ये मी लेकीकडे मेलबर्नला गेले तेव्हा तिथे निवडणुकीची धामधूम होती. धामधूम हा शब्द आपला. भोंगा नाही, रिक्षा नाही, चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स नाही. कुणाकुणाच्या अंगणात उमेदवाराच्या फोटोची एक प्लास्टिकची पाटी रोवलेली, तीही गवत कापणाऱ्याला अडचण होणार नाही अशा बेतानं.

देशात शिरताना मात्र कडक तपासणी. विमानात एक कार्ड भरायला देतात, त्यात खाण्याचं काही आहे का, बिया आहेत का, बुटाला माती आहे का, असं सगळं विचारतात. मी सगळ्याला ‘हो’ म्हटलं, कारण सगळंच होतं. तपासणाऱ्या तरुणानं भाजणी उलटसुलट करून पाहिली, कांदा-लसूण मसाल्याची पिशवी नाकाजवळ नेली आणि लागोपाठ तीन शिंका देऊन मला परत केली. पेढे दुधाचे म्हणून ठेवून घेतले. मी हुज्जत घातली नाही. तिथे जॉनी डेपचंही काही चाललं नव्हतं.

हा हॉलीवूडचा नट २०१५ साली खासगी विमानातून पिस्टल आणि बू नावाची दोन कुत्री कुणाला न सांगता घेऊन आला. कृषिमंत्री बार्नबी जॉइस भडकले. पन्नास तासांत कुत्री देशाबाहेर न्या, नाहीतर मारून टाकू, म्हणाले. कुत्री गेली. पुढच्या वर्षी नवरा-बायको दोघांनी कॅमेऱ्यासमोर बसून, सुतकी चेहऱ्यानं माफी मागितली. खरी गंमत २०१७ साली झाली. हेच जॉइस तोवर उपपंतप्रधान झाले होते आणि तेव्हा उघडकीला आलं की वडिलांच्या बाजूनं ते स्वतःच न्यूझीलंडचे नागरिक आहेत. राज्यघटनेच्या ४४ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्या देशाच्या नागरिकाला तिथे खासदार होता येत नाही. कोर्टानं त्यांना घरी पाठवलं. कुत्र्यांचे कागद मागणाऱ्याचे स्वतःचेच कागद भलत्या देशाचे! पण गड्यानं न्यूझीलंडचं नागरिकत्व सोडलं, डिसेंबरात पोटनिवडणूक लढवली आणि दणदणीत मतांनी परत आला.

टीव्हीच्या बातम्या मला सुरुवातीला सपक लागल्या. आपल्याकडे कसं, खिडकीखिडकीत सहा जण बसवलेले असतात, सगळे एकदम बोलतात, खाली लाल पट्टी पळते, वर घड्याळ उलटं फिरतं. आमटीला फोडणी बसेपर्यंत दोन सरकारं पडून उभी राहतात. इथे एबीसी वाहिनीवर एक बाई शांतपणे बोलते, समोरच्याचं ऐकून घेते आणि तो उत्तर देतोय की नाही तेवढंच बघते. पहिले काही दिवस मला वाटलं, आवाजाचं बटण बिघडलंय. वर्तमानपत्रं मात्र आपल्या वळणाची निघाली. मेलबर्नचं हेरल्ड सन, सिडनीचं डेली टेलिग्राफ, देशभर जाणारं द ऑस्ट्रेलियन, सगळी रूपर्ट मर्डॉक यांच्या घराण्याची. २०२० साली केविन रड या माजी पंतप्रधानांनी या मक्तेदारीच्या चौकशीसाठी आयोग नेमा म्हणून अर्ज लिहिला आणि त्यावर पाच लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. आयोग काही बसला नाही. पेपर निघतायत.

बातमीची भूक तिथे वेगळ्याच गोष्टींवर भागते. २०२३ च्या जानेवारीत वेस्टर्न ऑस्ट्रेलियात खाणीवरून निघालेल्या ट्रकमधून किरणोत्सर्गी सीझियमची एक कुपी रस्त्यात कुठेतरी पडली. हरभऱ्याएवढी कुपी आणि रस्ता चौदाशे किलोमीटरचा. सरकारी माणसं गाडीला यंत्र लावून, हळूहळू, रस्त्याची कड हुंगत निघाली. आणि १ फेब्रुवारीला न्यूमन गावाजवळ ती सापडली! आमच्याकडे डांबरासकट रस्ताच बेपत्ता होतो आणि कुणी शोधायला जात नाही, म्हणून मला या बातमीचं अप्रूप जरा जास्तच वाटलं.

पण मी मूळची कांद्याची. जावयांनी टोनी अ‍ॅबट यांचा व्हिडिओ दाखवला तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले. २०१५ च्या मार्चमध्ये पंतप्रधान असताना हे गृहस्थ टास्मानियात कांदा बघायला गेले होते. समोर कॅमेरे, भोवती शेतकरी. बोलता बोलता त्यांनी एक कांदा उचलला आणि सफरचंद खावं तसा त्याचा लचका तोडला. चावला. गिळला. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. सगळ्या देशाला धक्का बसला तो त्यांनी कच्चा कांदा खाल्ल्याचा. मला त्याचं काय? आमच्याकडे बांधावर बसून, बुक्कीनं कांदा फोडून भाकरीशी खातात. मला धक्का बसला तो वेगळाच. त्यांनी साल काढली नव्हती.

मी लगेच दादाला फोन लावला.

“सालासकट?” दादा म्हणाला. “पंतप्रधान हाय ना त्यो? सोलून द्यायला कुणी माणूस नव्हता?”

“नव्हता बहुतेक.”

“मग भाव काय मिळतोय तिकडं?”

मी दुकानातला भाव सांगितला. दादानं मनातल्या मनात डॉलरचे रुपये केले असावेत, कारण पलीकडे बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती.

२०१५ च्याच सप्टेंबरात अ‍ॅबट यांचं पद गेलं. कांद्यामुळे गेलं असं तिथलं कुणी म्हणत नाही, पण त्यांना कांद्याची पारख नाही. त्यांच्याच पक्षाच्या माल्कम टर्नबुल यांनी एका रात्रीत त्यांना उतरवलं. २०१० ते २०१८ या काळात तिथल्या पक्षांनी चार वेळा आपापला चालू पंतप्रधान असा बदलला. पद्धत इतकी साधी की जीव हळहळतो. खासदारांनी एका खोलीत जमायचं, दार लावायचं, मतं मोजायची, बाहेर येऊन नवीन नाव सांगायचं. सुरत नाही, गुवाहाटी नाही, झाडी नाही, डोंगार नाही, हॉटेलचं बिल नाही. फुटलेले आमदार बसमधून हात हलवतायत असं दृश्य नाही, मग जनतेनं बघायचं काय?

मॉरिसन यांनी तर तेवढीही माणसं गोळा केली नाहीत. पंतप्रधान असताना २०२० आणि २०२१ मध्ये आरोग्य, वित्त, उद्योग, गृह आणि खजिना अशा पाच खात्यांवर त्यांनी गुपचूप स्वतःचीही नेमणूक करून घेतली. गव्हर्नर जनरलांची सही घेतली, पण त्या त्या खात्याच्या बहुतेक मंत्र्यांना सांगितलं नाही. खजिन्याचे मंत्री जॉश फ्रायडनबर्ग कोविडच्या काळात काही दिवस पंतप्रधानांच्याच सरकारी घरात मुक्कामाला होते. एका छताखाली राहून त्यांना पत्ता नाही की समोर बसलेला माणूसही खजिन्याचा मंत्री आहे! २०२२ च्या ऑगस्टमध्ये हे फुटलं आणि देशानं कपाळाला हात लावला. मला मॉरिसन यांची कीव आली. त्याच पावसाळ्यात आमच्याकडे दोघं जण मिळून चाळीस दिवस अख्खं मंत्रिमंडळ म्हणून राज्य चालवत होते, तेही राजरोस. २०१९ साली तर भल्या पहाटे शपथ झाली, पण फोटो निघाला. चोरून करण्यासारखं त्यात आहे काय?

लेकीच्या घरापासून थोड्या अंतरावर एक पोहण्याचा तलाव आहे. पाटीवर हॅरल्ड होल्ट यांचं नाव. मी विचारलं, पट्टीचे पोहणारे होते का? जावई म्हणाले, “पंतप्रधान होते, आई. डिसेंबर १९६७ मध्ये समुद्रात पोहायला गेले ते परत आलेच नाहीत. देहसुद्धा मिळाला नाही.” आणि त्यांचं स्मारक म्हणून पोहण्याचा तलाव. आपल्याकडे असं नाव सुचवणाऱ्याच्या घरावर मोर्चा गेला असता. इथे पोरं त्यात निवांत डुंबतायत.

३ मे, शनिवार. मतदान. तिथे ते १९२४ पासून सक्तीचं आहे. नाही केलं तर वीस डॉलर दंड. जावयांबरोबर मीही प्राथमिक शाळेत गेले. दारापासून सहा मीटर सोडले की प्रचार चालतो, त्यामुळे फाटकाशी सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते खांद्याला खांदा लावून पत्रकं वाटत उभे. मी शंभर मीटरवाली. मला ते सहा मीटर बघूनच धडधडलं. लाल शर्टवाल्या आजोबांनी निळ्या शर्टवाल्या बाईंना आपल्या थर्मासातला चहा दिला. रांगेत कुत्री होती, बाबागाड्या होत्या, पायात स्लिपर घातलेली माणसं होती. आत टेबलामागच्या मावशींनी जावयांना तीन प्रश्न विचारले: नाव काय, राहता कुठे, या निवडणुकीत आधी मत दिलंय का? ‘नाही’ म्हणाले आणि मावशींनी विश्वास ठेवला! आधार नाही, मतदार कार्ड नाही, बोटाला शाई नाही. गावाकडे माझेच पैसे काढायला मी अंगठा चार वेळा घासते, तरी यंत्राला मी मी आहे हे पटत नाही.

मग पुठ्ठ्याचा आडोसा आणि पेन्सिल. प्रत्येक उमेदवारापुढे पसंतीचा आकडा लिहायचा, आपल्या विधान परिषदेसारखा. सिनेटचा कागद बघून मला उपरण्याची आठवण झाली. २०१३ साली न्यू साउथ वेल्समध्ये एकशे दहा उमेदवार उभे राहिले, कागद एक मीटर रुंद झाला आणि अक्षरं इतकी बारीक की आयोगानं भिंगं पुरवली. त्याच वर्षी व्हिक्टोरियातून मोटारप्रेमींच्या पक्षाचे रिकी म्यूर पहिल्या पसंतीच्या जेमतेम अर्धा टक्का मतांवर, बाकीच्यांची पसंती गोळा होत होत, सिनेटर झाले. कांगारूच्या लेंड्या मित्रांवर फेकतानाचा त्यांचा व्हिडिओ मग घराघरात पोचला. मतपत्रिकेवर चित्रबित्र काढलं तरी मत बाद होत नाही म्हणे. आकडे नीट हवेत आणि नाव लिहायचं नाही.

बाहेर पालक मंडळाचा तवा धगधगत होता. मत देऊन आलं की सॉसेज खायचं हा तिथला नेमच आहे, त्याला ‘डेमोक्रसी सॉसेज’ म्हणतात. मी शाकाहारी. तव्याशी उभ्या असलेल्या तरुणाला म्हटलं, मला नुसता कांदा दे.

“नुसता?”

“नुसता. वर सॉस नको.”

त्यानं दोन चिमटे भरून दिला. पिवळ्या सालीचा कांदा, सुरीखाली जाड जाड कापलेला, तव्याच्या कडेला पडून पडून तपकिरी झालेला. गोड होता. फार गोड. झणका नाहीच. अशा कांद्यानं कुणाचं सरकार पडणार?

रात्री पोळ्या व्हायच्या आत निकाल लागला. पंतप्रधान अल्बनीझी यांचा मजूर पक्ष भरघोस जिंकला आणि विरोधी पक्षनेते पीटर डटन स्वतःच्याच मतदारसंघात पडले. ते लगेच कॅमेऱ्यासमोर आले, जबाबदारी आपली म्हणाले, जिंकलेल्या बाईंचं अभिनंदन केलं. मी पुढच्या वाक्याची वाट बघत होते. यंत्रात गडबड झाली, असं आता म्हणतील. मग आठवलं, यंत्र कुठलं, पेन्सिल होती. एबीसीवर सगळे हळवे झाले होते ते त्यांचे आकडेशास्त्री अँटनी ग्रीन यांची निकालाची ती शेवटची रात्र म्हणून. तीसेक वर्षं हा माणूस कोण जिंकतंय ते सांगत आला होता.

दुसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा कुंपणाशी आले. त्यांच्या अंगणातला उमेदवार पडला होता, जावयांच्या अंगणातला निवडून आला होता. मी आत जाऊ लागले. म्हटलं, आता जुंपणार.

“तुमची पाटी तुम्हाला हवीय का?” आजोबांनी विचारलं. “माझी मी कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली, पण एका कोपऱ्यात अजून गळतंय.”

जावयांनी पाटी उपटली, चिखल झटकला आणि कुंपणावरून दिली.