ऐंशी अंशांची पंचाईत

ग्रीन टीच्या खोक्यावर पुढच्या बाजूला माणसाचं काय काय होणार ते ठळक छापलेलं असतं. पोट जाणार, तेज येणार, मन शांत होणार. मागच्या बाजूला, भिंग घेऊन वाचावी अशी एक ओळ असते : पाणी ८० अंश सेल्सिअस, वेळ २ ते ३ मिनिटं.

ही ओळ कुणी वाचत नाही म्हणूनच हा धंदा चालतो. नवा गडी सुपरमार्केटातून खोकं आणतो, कपात पुडी टाकतो, वर उकळतं पाणी ओततो आणि सोबत खारी खातो. पण आमच्या बी विंगमधले तात्या पडले विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी ती ओळ वाचली.

"अहो, ऐंशी म्हणजे आधण येण्याच्या आधी की नंतर?" काकूंनी गॅस लावता लावता विचारलं. प्रश्न रास्त होता. घरात थर्मामीटर एकच, तापाचा, आणि त्याच्या मते जगात ४२ अंशांच्या वर काही तापत नाही. तात्या त्याच्या पुष्कळ वर तापले होते.

मग तात्यांनी फळ्याविना तास घेतला. पाणी १०० अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीला. जसजसं उंच जावं, तसतसा हवेचा दाब उतरतो आणि उत्कलनबिंदूही उतरतो. म्हणजे मोजमापाची कटकटच नको. जिथे पाणी ८० अंशांनाच उकळतं, तिथे जाऊन चहा टाकावा. काकूंनी महाबळेश्वर सुचवलं, त्यांना तसंही जायचंच होतं. पण तिथे पाणी ९५च्या आसपास उकळतं. कळसूबाई घ्या, १६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. तरी तिथलं पाणीही ९४च्या खाली उतरायला राजी नाही. म्हणजे अख्खा सह्याद्री ग्रीन टीच्या कामाचा नाही. ८० अंश हवे असतील तर सहा हजार मीटरच्या आसपास चढावं लागतं : हिमालय, बर्फ, पाठीवर स्टोव्ह, खिशात पुडी. त्याहून वर जाण्याचा उत्साह मात्र दाखवू नये, एव्हरेस्टवर पाणी ७०लाच उकळतं, ऐंशीपर्यंत पोहोचतच नाही. एवढं चढून गेलेल्या माणसाचं पोट जाणार, तेज येणार, आणि वर पोहोचल्यावर मनही शांत होणार. खोक्यावरचं अक्षर न् अक्षर खरं आहे. फक्त कुठे प्यायचा तेवढं छापायचं राहून गेलंय.

शेवटी काकूंनी कंटाळून खळखळतं पाणीच ओतलं. तात्यांनी घोट घेतला, आणि पाडव्याचा कडुनिंब चावल्यासारखं तोंड केलं.

ते तसंच व्हायचं होतं. या चहाची पानं वाफवून किंवा कढईत परतून वाळवतात, म्हणून ती काळी पडत नाहीत आणि त्यांतली कॅटेचिनं शाबूत राहतात. उकळतं पाणी ही कडू-तुरट कॅटेचिनं भसाभसा बाहेर ओढतं. त्यात पुडीत पान कुठलं, असतो तो चुरा; तो तर वाटच बघत असतो. चव बिघडली की गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात जातं आणि तिथे त्याला उपाय मिळतो : हनी-लेमन! त्यातल्या मधाचा शोध घ्यायचा तर पुन्हा भिंग काढा. बहुतेक खोक्यांवर मधाच्या जागी 'फ्लेवर' सापडेल. आधी चव राखणारी सूचना बारीक अक्षरांत लपवायची, मग चव झाकणारा वास जास्त पैशांना विकायचा. याला आरोग्य म्हणतात.

आणि हे ८० अंश गाठायला जपानी माणसाला थर्मामीटर लागत नाही. तो उकळलेलं पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओततो; दर ओतण्याला साधारण दहा अंश उतरतात. दोनदा ओतलं, झालं काम. ही विद्या आपल्याला नवी होती काय? कपातून बशीत आणि बशीतून कपात, यात आपल्या आज्याचा हात कुणी धरला नसता. पण बशीतून फुरका मारणं गावंढळ ठरलं. पाहुण्यांसमोर आजोबांवर डोळे वटारले गेले. इराण्याच्या टेबलावरची जाड बशी गेली, घरातल्या फडताळातली गेली, आणि तिच्या जागी आला हा बोडका मग. कानाला धरून मिरवायचा, तळाला टेबलावर गोल डाग पाडायचा, आणि त्यातलं पाणी अर्धा तास निवत नाही. बशी गेली तेव्हाच घराघरातला थर्मामीटर गेला, आणि त्याचं सुतक कुणी पाळलं नाही. वर या खोक्यांवर योजना काय, तर दोन घ्या, एक मग मोफत!

मग नको, बशी द्या. पण ते देणार नाहीत. बशी दिली तर पाणी निवेल, पाणी निवलं तर चहा बरा लागेल, आणि साधा चहा बरा लागायला लागला तर हनी-लेमनची ती अख्खी भिंत कोण विकत घेणार?