शाळेत ब्लूज शिकवायला निघालेल्यांसाठी काही सूचना

अभिनंदन! तीस वर्षं रात्री दोनपर्यंत बारमध्ये वाजवल्यावर तुम्हाला सकाळी साडेआठला पाचवीच्या वर्गावर बोलावणं आलं आहे. पहिली सूचना अशी, की मधे थोडी झोप घ्या. बारमधून परस्पर शाळेत जाऊ नका.

धीर सोडू नका, वाट मळलेली आहे. शिकागोचा माउथऑर्गनवाला बिली ब्रँच १९७८पासून शाळाशाळांतून ब्लूज शिकवत आला आहे, आणि तो ब्लूजवाल्या विली डिक्सनच्या ऑल-स्टार्स बँडमध्ये वाजवलेला गडी. फरक एवढाच, की बारमधलं गिऱ्हाईक कंटाळलं तर उठून जातं. पाचवीतल्या पोराला जाता येत नाही, म्हणून ते बाकावर पट्टी आपटतं. पट्टी तालात आपटत असेल, तर त्याला ताबडतोब ड्रमवर बसवा.

साहित्य: एक गिटार, तीही तुमच्याच गळ्यात. वर्गात फिरवायला दिलीत, तर २८ मुलांमधली २७ भांडतील आणि अठ्ठाविसावं तार तोडेल. मुलांसाठी माउथऑर्गन आणा, प्रत्येकाला स्वतंत्र, वर नावाची चिठ्ठी डकवलेला. उष्टा माउथऑर्गन कुणी कुणाला द्यायचा नाही, हा नियम संगीताच्या कुठल्याही नियमाआधी शिकवा. (आपल्याकडे या वाद्याची ओळख सहलीची बस आणि देव आनंदपुरतीच राहिली. ‘सोलवाँ साल’मधल्या त्या प्रसिद्ध गाण्यात ते आर. डी. बर्मनने वाजवलं होतं, ही माहिती सहलीतला एक काका दर वर्षी नव्याने सांगतो.) ब्लूजवाले याला ‘हार्प’ म्हणतात. वर्गात म्हणू नका; पोरं उंच तारांच्या वाद्याची वाट बघत बसतील.

तुमच्या हाती दहा भोकांचा, सी पट्टीचा माउथऑर्गन आहे, आणि ब्लूजवाले तो जी पट्टीत वाजवतात. हा वेडेपणा नाही. जीचे कामाचे स्वर श्वास आत ओढताना मिळतात, आणि ओढलेला स्वर जिभेने खाली वाकवता येतो. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे एक निसरडी जागा आहे. पियानोला तिथे पाय ठेवता येत नाही, आणि ब्लूजचा सगळा संसार नेमका तिथेच मांडलेला आहे. मुलांना यातलं अक्षरही सांगू नका. ‘ओढा’ म्हणा.

पहिल्या तासाला स्वर नकोतच, आगगाडी शिकवा. खालच्या भोकांवर ओठ ठेवायचे: ओढ, ओढ, सोड, सोड. पुन्हा. हळूहळू वेग वाढवायचा. डिफोर्ड बेलीने १९२७ साली एवढ्याशा वाद्यावर अख्खी एक्स्प्रेस धावडवली आणि तिची तबकडी निघाली. तुमच्या वर्गातून निदान मालगाडी तरी निघेल. १९४३मध्ये ब्लूजगायक मडी वॉटर्स मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलहून खऱ्या गाडीत बसून शिकागोला गेला, हे गाडी चालू असतानाच सांगून टाका. इतिहासाचा वेगळा तास मिळणार नाही. दहाव्या मिनिटाला शेजारच्या वर्गाच्या गणिताच्या बाई दारात येतील. त्यांना सिग्नल समजा.

दुसऱ्या तासाला फळ्यावर १२ चौकोन काढा. प्रत्येकात चार मात्रा, म्हणजे एकूण ४८ मात्रांचं आवर्तन. पहिली चार घरं ‘सा’ची, मग दोन ‘म’ची, दोन परत ‘सा’ची, नवव्यात ‘प’, दहाव्यात ‘म’, उरलेल्या दोनांत घरी. एका मुलीला पट्टी देऊन घरं दाखवायला उभं करा. बाकीच्यांनी टाळ्या द्यायच्या. आठ घरं सुरळीत जातील. नवव्यात साप आहे. तिथे सगळे पडतात. मोठमोठे रॉक गिटारवालेही लग्नाच्या पार्टीत तिथेच पडलेले मी ऐकले आहेत. पट्टीवाली मुलगी मात्र पडणार नाही, कारण चौकोन तिच्या डोळ्यांसमोर आहे. तिला तालाची सत्ता द्या.

आता शब्द. इथे मुख्याध्यापक म्हणतील, ‘दहा वर्षांच्या मुलांना दुःख काय कळणार?’ त्यांना एकदा मधल्या सुटीत कँटीनच्या रांगेच्या शेवटी उभं करा. ब्लूजच्या कडव्याची बांधणी सोपी आहे: एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसरी, जी पहिलीचा निकाल लावते. एक मुलगा उठून म्हणेल, माझ्या भावाने माझा चार्जर नेला. छान. गाऊन घ्या. आता तो थांबेल, खाली बघेल, बुटाच्या लेसशी खेळेल. मदत करू नका. सगळ्या वर्गाकडून तीच ओळ परत गाऊन घ्या. लोकांना वाटतं दुसरी ओळ ठसवण्यासाठी असते. असेलही, पण मुख्य म्हणजे तिसरी सुचेपर्यंत मिळालेला तो वेळ आहे. परीक्षेत असा वेळ कुणी देत नाही. लेस सोडून तो वर बघेल तेव्हा सुचलेलं असेल: आता भाऊ मला शोधतोय, कारण त्याचा फोन माझ्याकडे आहे.

इशारे. जुन्या गाण्यांतली व्हिस्की वर्गात न्यायची नाही. सरबत घाला, मात्रा तेवढ्याच भरतील. ब्लूजवाल्या रॉबर्ट जॉन्सनने मध्यरात्री चौकात सैतानाला आत्मा विकून गिटार शिकून घेतली, ही गोष्ट पालकसभेआधी सांगू नका. सांगायचीच असेल तर खरी सांगा. जॉन्सनला शिकवलं आयक झिमरमन नावाच्या माणसाने, आणि सराव म्हणे रात्री स्मशानात चाले, कारण तिथे तक्रार करायला कुणी उठत नाही. म्हणजे शिकवलं मास्तरांनी आणि नाव झालं सैतानाचं. संगीतशिक्षकाने नेमणूकपत्रावर सही करण्याआधी हे वाचून घ्यावं.

नशीब कधी बरंही निघतं. क्लार्क्सडेलच्या डेल्टा ब्लूज म्युझियममध्ये ‘हाउल-एन-मॅड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बिल पेरीसारखे मुरलेले वादक शाळकरी पोरांना शिकवायचे. त्यांतलं एक पोर आधी ड्रमवर बसलं, मग बासकडे वळलं, मग गिटारकडे. पेरीने त्याला नाव दिलं किंगफिश. २०१४ साली म्युझियमच्या पोरांबरोबर तो व्हाइट हाउसमध्ये वाजवून आला, आणि २०२२मध्ये क्रिस्टोन ‘किंगफिश’ इन्ग्रमच्या ‘६६२’ या अल्बमला ग्रॅमी मिळालं. ६६२ हा उत्तर मिसिसिपीचा टेलिफोन कोड. पालकांना ही हकिगत जपून सांगा. दुसऱ्या दिवशी चौघे जण विचारतील, आमच्या मुलाला किती महिने लागतील?

शेवटचा तास संपला की कुणाचा निरोप घेत बसू नका, पोरांना घरी जायची घाई असते. गिटार खोक्यात घाला, केबल गुंडाळा, फळ्यावरचे १२ चौकोन पुसा. फाटकापाशी शाळेची पिवळी बस उभी असेल. मागच्या खिडकीतून ओढ, ओढ, सोड, सोड सुरू झालेलं ऐकू येईल, आधी एक, मग चार, मग सगळी बस. ड्रायव्हर मान वळवून तुमच्याकडे बघेल. तुम्ही केबल पुन्हा एकदा गुंडाळायला घ्या.