प्रांतपाल आणि डिकीतले नारळ

रोटरीच्या प्रांतपालाला पगार नसतो, बंगला नसतो, गाडीवर दिवा नसतो. त्याला फक्त दौरा असतो. १ जुलैला त्याचं वर्ष सुरू होतं, पुढच्या ३० जूनला संपतं, आणि तेवढ्यात प्रांतातल्या क्लबांना जातीने जाऊन भेटायचं असतं. या भेटीला 'अधिकृत भेट' म्हणतात. आपल्या मर्जीने कोणाला भेटायला प्रांतपालाकडे वेळच उरत नसल्यामुळे, तसं म्हटलं नसतं तरी चाललं असतं.

आमचा एक बालमित्र असा प्रांतपाल झाला. प्रांत क्रमांक ३०३०. नाशिकच्या द्राक्षांपासून गोंदियाच्या भातापर्यंत, मधे केळी, कापूस आणि संत्री. एखाद्या बऱ्यापैकी संस्थानिकाला पुरेल एवढा मुलूख. प्रांतपालाच्या सोबत एक मदतनीस लागतो. मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरात माझी अडचण होत होती, या दोन पात्रतांवर माझी नेमणूक झाली. साहेबांची कॉलर (म्हणजे गळ्यात घालायचा तो बिल्लेदार पट्टा) सांभाळायची, भाषणाचा कागद वेळेवर पुढे करायचा आणि ॲसिडिटीच्या गोळ्या खिशात ठेवायच्या. शिवाय ज्याला चौथीपासून अरे-तुरे करत आलो, त्याला चारचौघांत 'सर' म्हणायचं. कॉलर, कागद आणि गोळ्या मी नीट सांभाळल्या. 'सर' मात्र शेवटपर्यंत घशात अडकत राहिलं.

हे वर्ष जुलैत सुरू करायचं कोणी ठरवलं कोणास ठाऊक, पण त्याने विदर्भातला आषाढ पाहिलेला नसणार. बाहेर धो धो पाऊस, आत हॉलमध्ये बंद पडलेला कूलर आणि साहेबांच्या अंगात निळा ब्लेझर. मूळ मंडळींचं असं काही नव्हतं. २३ फेब्रुवारी १९०५ला शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनियर आणि एक शिंपी असे चौघे त्या इंजिनियरच्या कचेरीत जमले. पुढे पाळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत बसायचं ठरलं. संस्थेला रोटरी हे नाव पडलं ते या पाळीवरूनच. चौघांत कोण कोणाला शाल देणार आणि आभार तरी कोणाचे मानणार? आता जगभरात बारा लाखांच्या आसपास सदस्य आहेत, आणि त्यातले निम्मे आमच्याच प्रांतात आभार मानायला उभे आहेत, असं मला अनेकदा रात्री साडेदहाला वाटलेलं आहे.

भेटीचा क्रम ठरलेला. गावाच्या अलीकडे वीस किलोमीटरवर सचिवांचा पहिला फोन येतो. "साहेब, कुठपर्यंत आलात?" आम्ही म्हणायचं, "हे काय, पोचलोच." मग दर पाच किलोमीटरला तोच प्रश्न आणि तेच उत्तर. वेशीवर दोन मोटारसायकली वाट दाखवायला उभ्या असतात. त्या पुढे निघतात आणि पहिल्याच चौकात दोन दिशांना जातात. हॉलच्या दारात औक्षण. मग संचालक मंडळाची बैठक, मग प्रकल्पांची पाहणी, मग जाहीर सभा. सभेत घंटा, राष्ट्रगीत, स्वागत, सत्कार, परिचय, अहवाल, भाषण, आभार. नंतर फेलोशिप. फेलोशिप म्हणजे जेवण.

यातला परिचय हा प्रकार स्वतंत्र अभ्यासाचा आहे. परिचय करून देणारे गृहस्थ "साहेबांना परिचयाची गरजच नाही" असं म्हणून सुरुवात करतात आणि मग ती नसलेली गरज पंधरा मिनिटं भागवतात. माहितीचा कागद आम्हीच आधी पाठवलेला असतो. पण एका तालुक्याच्या गावी वाचणाऱ्याच्या हाती गेल्या वर्षीच्या प्रांतपालांचा कागद लागला. आमचे साहेब बांधकाम व्यावसायिक. त्या संध्याकाळी ते नेत्रतज्ज्ञ झाले, हजारो मोतिबिंदू काढून मोकळे झाले आणि त्यांच्या दोन मुलींचे दोन मुलगे झाले. टाळ्या कडाडल्या. शेजारी बसलेल्या वहिनी माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "मुलगे झाल्याचं मला तरी कळवायचं होतं यांनी." सभा संपल्यावर एक आजोबा साहेबांना डोळा दाखवायला आले. साहेबांनी तो पाहिला आणि नागपूरला जायचा सल्ला दिला. सल्ला योग्यच होता.

वहिनींचा कार्यक्रम वेगळा असायचा. अमेरिकेतल्या सुप्रीम कोर्टाच्या १९८७च्या निकालानंतर १९८९मध्ये रोटरीने बायकांना सदस्यत्व खुलं केलं. आता कितीतरी क्लबांत अध्यक्षा असतात आणि त्या कामाला पुरुषांपेक्षा कडक असतात, हे माझं स्पष्ट मत आहे. पण सत्काराची पाकिटं जुन्याच हिशेबाने भरली जातात. एका गावी अध्यक्षा डॉक्टर होत्या. त्यांचे यजमान पहिल्या रांगेत वहिनींच्या शेजारी बसले होते. 'अध्यक्षांच्या जोडीदाराचा सत्कार' असं पुकारल्यावर ते उठले आणि त्यांच्या हातात खण, नारळ आणि हिरव्या बांगड्यांचा डबा आला. गृहस्थ सज्जन. त्यांनी डबा कपाळाला लावला आणि खाली बसले.

आता नारळांकडे येतो. प्रत्येक सत्काराला शाल आणि श्रीफळ. प्रकल्पावर एक, शाळेत एक, सभेत एक, शिवाय एखाद्या ज्येष्ठाच्या घरी चहाला थांबलं तर तिथे एक. शालींचं काही वाटत नाही, त्या घडी करून राहतात. नारळ राहत नाही. सगळे डिकीत. गतिरोधक आला की मागून धाडधाड आवाज यायचा आणि ड्रायव्हर दर वेळी दचकून आरशात बघायचा. वहिनींनी वड्या केल्या, ओल्या खोबऱ्याच्या करंज्या केल्या, सोलकढी केली. शेवटी त्यांनी घरात खोबऱ्यावर बंदी घातली. मग आम्ही वाटेतल्या देवळांत नारळ वाहायला सुरुवात केली. एका मारुतीच्या पुजाऱ्याने साहेबांची श्रद्धा पाहून त्यांचा तिथेच सत्कार केला. शाल आणि श्रीफळ देऊन.

रस्त्यांबद्दल तक्रार नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग झाल्यापासून नाशिकच्या बाजूचा माणूस सकाळी निघून दुपारी नागपुरात सत्कार घेऊ शकतो. अमरावती ते अकोला या पट्ट्यात जून २०२२मध्ये ७५ किलोमीटर डांबराचा थर १०५ तासांत घातला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्या रस्त्यावरून जाताना साहेब हळहळले. म्हणाले, "एवढ्या वेगाने आपले अहवाल वाचायला कोणी लावेल का रे?"

जेवणाबद्दल मात्र तक्रार आहे आणि ती मी मांडणारच. आमच्या प्रांतासारखं खाणं महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच. हिवाळ्यात असोदा-बामणोदच्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, तोंडाला घाम फोडणारी शेवभाजी, शेगावची कचोरी, नागपूरचा वडाभात आणि तर्री-पोहे. यातलं प्रांतपालाला काय मिळतं? पनीर. टोमॅटो सूप, मंचुरियन, पनीर बटर मसाला, दाल फ्राय, जिरा राइस आणि पाकात बुडालेले गुलाबजाम. धुळ्याला पनीर, गोंदियालाही पनीर. पाहुण्याला घरचं साधं वाढलं तर गावाची अब्रू जाते, अशी काहीतरी समजूत आहे. आमचा ड्रायव्हर मात्र बाहेर ढाब्यावर जेवायचा आणि परतीच्या वाटेवर, विचारलं नसताना, काय जेवला ते सविस्तर सांगायचा. एकदा मुक्ताईनगरच्या पुढे रात्री अकराला साहेबांनी गाडी थांबवायला लावली आणि ब्लेझरसकट शेवभाजीला बसले. कॉलरवर तेलाचा डाग पडला. तो मी लिंबाने काढला.

भाषणात एक कठीण जागा असते. ती म्हणजे फाउंडेशनसाठी देणगी मागण्याची. हजार डॉलर दिले की देणगीदाराला पॉल हॅरिस फेलो म्हणतात आणि सूटला लावायची पिन मिळते. डॉलरचा भाव बँकेचा चालत नाही, रोटरी दर महिन्याला आपला स्वतःचा दर जाहीर करते. साहेबांनी रुपयांतला आकडा सांगितला की सभागृहातले सगळे एकदम मोबाइलकडे पाहू लागतात. कोणाचा तरी फोन वाजतो आणि त्याच्याबरोबर चौघे बाहेर जातात. तेवढ्यापुरता एखादा सराफ नाहीतर बियाणांचा व्यापारी हात वर करतो आणि क्लबची इभ्रत राहते.

एका गावी मात्र निराळं घडलं. मागच्या रांगेत औषधांचं दुकान असलेले एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. साहेबांनी पोलिओचा विषय काढला. पोलिओ जगातून हटवायचं काम रोटरीने १९८५मध्ये अंगावर घेतलं, १९९५मध्ये आपल्याकडे पल्स पोलिओ सुरू झालं, १३ जानेवारी २०११ला हावड्याला सापडलेला रुग्ण देशातला शेवटचा ठरला आणि २७ मार्च २०१४ला जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केलं. हे भाषण मला झोपेतही म्हणता येत होतं. ते झाल्यावर गृहस्थ उठले आणि त्यांनी त्यांचा रविवार सांगितला. एसटी स्टँडवर लसीचा डबा घेऊन उभं राहायचं. गाडी लागली की खिडकीखाली जायचं, आई आतून पोराला धरायची, हे खालून हात उंच करून दोन थेंब तोंडात सोडायचे, मग करंगळीला शाई. "कंडक्टर दोरी धरून थांबायचा," ते म्हणाले. "आमचं झाल्याशिवाय बेल मारत नव्हता." एवढं बोलून ते खाली बसले. त्या दिवशी कोणाचाही फोन वाजला नाही आणि देणगी चांगली जमली.

प्रकल्पांच्या पाहणीत झाड लावणं आलंच. संस्थापक पॉल हॅरिसही जगभर फिरताना जागोजागी मैत्रीची झाडं लावायचे, त्यामुळे आमच्या साहेबांनाही नाही म्हणता येत नसे. खड्डा तयार, झारी तयार, फोटोवाला तयार. एका शाळेत साहेबांनी रोप खड्ड्यात ठेवलं, दोन्ही हातांनी माती लोटली, कॅमेऱ्याकडे पाहून हसले, आणि सहावीतली एक पोरगी पुढे आली. "पिशवी काढायची असते," ती म्हणाली. रोप काळ्या प्लास्टिकच्या पिशवीसकट लावलेलं होतं. तिने गुडघे टेकून माती उकरली, दातांनी पिशवी फाडली, मुळं मोकळी केली आणि पुन्हा माती दाबली. मुख्याध्यापक घामाघूम. साहेबांनी पिन काढून तिच्या ओढणीला लावली. फोटोवाल्याला तेवढंच टिपायचं सुचलं नाही.

दुसऱ्या एका शाळेत हात धुण्याच्या नळांचं उद्घाटन होतं. फीत कापली, साहेबांनी नळ सोडला. नळाने दोनदा खोकून नकार दिला. सगळे गप्प. तेवढ्यात गच्चीवरून आवाज आला, "सोडू का?" शिपाई टाकीपाशी बादली घेऊन उभा होता. खालून अध्यक्षांनी डोळे वटारले, ते त्याला होकारार्थी वाटले. पाणी आलं, साहेबांनी हात धुतले, टाळ्या झाल्या. साबण कोरा करकरीत, वेष्टनातला.

या सगळ्याला काय अर्थ आहे, असा प्रश्न मलाही पडायचा. उत्तर मिळालं ते पुरामुळे. यवतमाळकडच्या एका गावी जायचं होतं आणि पैनगंगेला पाणी आलं. पूल बंद. सचिव फोनवर रडकुंडीला आले, कारण जेवण शिजून तयार होतं. आम्ही पंधरवड्याने गेलो. तिथल्या शाळेतही हात धुण्याचे नळ होते. पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी प्लंबरने घाईघाईने जोडलेले. भेट पुढे गेली, पण नळ काही कोणी परत काढले नाहीत. उद्घाटन न झालेले ते नळ पंधरा दिवस पोरं वापरत होती. फरशी ओली होती, एका तोटीला चिंधी बांधलेली होती आणि साबण झिजून पापुद्र्याएवढा राहिला होता. साहेबांनी तो उचलला, माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "अख्ख्या दौऱ्यात वापरलेला साबण आज पहिल्यांदा बघतोय." भाषणाचा कागद त्यांनी त्या दिवशी मागितलाच नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. प्रांतपालाच्या भेटीचा गावाला फायदा होतो तो भेटीच्या आधीच्या आठवड्यात. रखडलेली डायलिसिसची खोली त्या आठवड्यात रंगते, वाचनालयाची कुलूपबंद कपाटं उघडतात, अडलेला प्लंबर येतो. प्रत्यक्ष भेटीत फक्त नारळ वाढतात. म्हणून येत्या जुलैत दौऱ्यावर निघणाऱ्या तमाम प्रांतपालांना माझी विनंती आहे: प्रत्येक क्लबला तारीख द्या आणि ऐन वेळी ती पंधरा दिवस पुढे ढकला. सचिव चिडतील, चिडू द्या. फक्त जेवणाची ऑर्डर रद्द करायला विसरू नका, आणि नवी देताना त्यात भरीत लिहा.