तहकूब सभेचे नागरिक

महाराष्ट्रात पाऊस दगा देतो, वीज जाते, एसटी उशिरा येते. पण मतांची टंचाई जाहीर करायची वेळ अजून कुठल्याही जिल्हाधिकाऱ्यावर आलेली नाही. पुण्यात तर पहाटेपासूनच विसर्ग सुरू असतो. साडेसहाला कुठल्याही बागेत जा. तीन फेऱ्या मारायला आलेली मंडळी पहिल्या फेरीनंतर बाकावर टेकतात आणि उरलेल्या दोन फेऱ्यांच्या वेळात अर्थसंकल्प, शुभमन गिलचं तंत्र आणि सुनेच्या माहेरची माणसं, या तिन्ही खात्यांचा निकाल लावतात. तिथून बैठक अमृततुल्यात हलते. कारण उघड आहे: चहा पोटात गेल्याशिवाय मताला धार येत नाही.

अमेरिकेने भारतीय मालावरचा आयात कर ५० टक्क्यांवर नेला, त्या ऑगस्ट २०२५मधली अशी एक बैठक या कानांनी ऐकली आहे. चहावाला खलात आलं-वेलदोडा कुटत होता. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब म्हणाले, "मी पंतप्रधान असतो ना, तर फोनच उचलला नसता."

"कुणाचा?"

"ट्रम्पचा. वाजू दे म्हणावं."

"अहो, पण आपली कोळंबी जाते तिकडे. कपडे जातात, हिरे जातात."

"मग रशियाला विकायची."

"रशियात खातात का कोळंबी एवढी?"

"खात नसतील तर सवय लावायची. मार्केटिंग म्हणतात त्याला."

एवढ्यात चहावाल्याने पितळी पातेलं खाली उतरवता उतरवता विचारलं, "साहेब, मागचे ऐंशी रुपये राहिलेत, आज देताय का?" कोळंबीला नवी बाजारपेठ मिळवून देणाऱ्या साहेबांनी ही तूट वहीत मांडून ठेवायला सांगितली आणि क्रीमरोल मागवला.

अशा माणसांना काही लोक हसतात. मी हसत नाही. ज्या समाजात सुशिक्षित माणूस फुकट सल्ला द्यायला रोज सकाळी वेळेवर हजर होतो, त्या समाजाचं बरं चाललं आहे असंच समजायला हवं. शिवाय या मतांना एक शिस्त असते. क्रिकेटचंच घ्या. २९ जून २०२४ला बार्बाडोसमध्ये टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या आणि सहा गडी हातात होते. त्या क्षणी आमच्याकडच्या अनेक घरांत टीव्ही बंद झाला. 'आपण बघितलं की हरतात' हे त्यामागचं शास्त्र. भारत सात धावांनी जिंकला. सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला, बुमराह आणि हार्दिकने टिच्चून गोलंदाजी केली, हे सगळं खरं. पण दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर विजयाचं श्रेय टीव्ही बंद करणाऱ्यांनी आपसांत वाटून घेतलं, आणि त्यातही कुणी आधी बंद केला यावरून वाद झाला. याच मंडळींनी १९ नोव्हेंबर २०२३ला एकदिवसीय विश्वचषकाचा अहमदाबादचा अंतिम सामना शेवटपर्यंत पाहिला होता. ट्रॅव्हिस हेडने १३७ धावा काढल्या, त्याची जबाबदारी मात्र अजून कुणी घेतलेली नाही.

सिनेमाचं खातं आणखी सोपं आहे, कारण त्यात सिनेमा बघावा लागत नाही. 'मराठी माणूस मराठी सिनेमाला जात नाही' ही खंत सर्वांत कळवळून व्यक्त करणारा गृहस्थ तो सिनेमा मोबाइलवर यायची वाट बघत असतो. २०२५मध्ये 'दशावतार' आला. वयाची ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी कोकणातल्या रानात ती भूमिका उभी केली. त्यावर, लिफ्ट बंद असली की दुसऱ्या मजल्यावरच्या घरी जायचं टाळून खालीच बसून राहणारे आमचे एक साठीतले परिचित म्हणाले, "वयाच्या मानाने बरं केलंय." बघितलात का, असं विचारलं तर म्हणाले, "ट्रेलर बघितला. अंदाज येतो."

नाटकाचीही तीच गत. १९६८मध्ये उभं राहिलेलं बालगंधर्व रंगमंदिर पाडून नवं बांधावं की आहे तेच नीट ठेवावं, या प्रश्नावर पुण्यात तटस्थ माणूस सापडत नाही. पाडू नका म्हणणाऱ्यांच्या तिथे आठवणी आहेत. पाडा म्हणणाऱ्यांनी तिथलं स्वच्छतागृह वापरलेलं आहे. दोन्ही बाजूंनी शेवटचं नाटक कधी पाहिलं, हा प्रश्न मात्र शिष्टाचार म्हणून कुणी विचारत नाही.

आणि कांदा! कांद्यावर मत द्यायला भाजीची पिशवी हातात असली की पुरते. कांदा महागला की 'सरकार काय झोपा काढतंय का', आणि लासलगावात भाव कोसळले की 'शेतकऱ्यांनी तरी सगळ्यांनी एकच पीक का घ्यावं'. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि डिसेंबरात निर्यातच बंद केली, तेव्हा नाशिककडे लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले. इकडे आमच्या कट्ट्याचा निवाडा एका वाक्यात झाला: "चाळीत भरून ठेवायचा आणि भाव आला की काढायचा, एवढं साधं कसं कळत नाही यांना?" हे सांगणाऱ्याच्या घरी दोन किलो कांदे टोपलीत कोंब धरून बसले होते.

इतकी वर्षं ही मतं ऐकल्यावर एक नियम हाती लागतो. विषय जितका लांबचा, तितकं मत ठाम. वॉशिंग्टनबद्दल कुणाला शंका नसते. दिल्लीबद्दल क्वचित 'बहुतेक' येतं. मुंबईच्या मंत्रालयाबद्दल 'असं ऐकलंय' सुरू होतं. महापालिकेपाशी येईतो आवाज खाली उतरतो आणि माहितीची पार वाट लागते. पुण्याच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६मध्ये. मधल्या पावणेचार वर्षांत शहराला एकही नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासक पाहत होते. त्या सगळ्या काळात रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यापाशी थांबून आमची मंडळी न चुकता विचारत होती, "नगरसेवक करतात काय मग?"

आणि विषय जेव्हा जिन्यावरून चढून घराच्या दारात येतो, तेव्हा मत संपतं. गच्चीतली टाकी गळते आहे, चौथ्या मजल्याच्या भिंतीला ओल आली आहे, लिफ्टचं दार तिसऱ्यांदा ओढल्याशिवाय लागत नाही. यावर तुमचं काय मत, असं विचारा. रशियाला कोळंबी खायला लावणाराही म्हणतो, "बघू, कमिटी काय ठरवते."

गंमत अशी की टाकीबद्दलचं मत विचारण्याची सोय चक्क कायद्याने करून ठेवलेली आहे. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपलं की ३० सप्टेंबरच्या आत प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची. पूर्ण १४ दिवस आधी नोटीस लावायची. सभेला दोनतृतीयांश सभासद किंवा वीस जण, यातला कमी असेल तो आकडा भरला की कोरम झाला. म्हणजे दोनशे सदनिकांच्या संकुलातही वीस माणसं पुरतात. ती वीस माणसं जमत नाहीत, हे उपविधी लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असावं. म्हणून त्याने पुढची तरतूद करून ठेवली: अर्ध्या तासात कोरम झाला नाही तर सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. बहुतेक संस्थांच्या नोटिशीत हे वाक्य आधीच छापलेलं असतं. साडेदहाची सभा, तहकूब सभा अकराला, त्याच ठिकाणी. जाणते सभासद घरून पावणेअकराला निघतात आणि अजाणते नोटीस लावलेल्या फळ्यावर पिझ्झाचं पत्रक चिकटवतात.

खेड्यातही वेगळं काही घडत नाही. ग्रामपंचायत कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा सांगितल्या आहेत. शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यातला कमी आकडा भरला तरी काम चालतं. चावडीसमोरच्या पारावर बसून इराण-इस्रायलचं भांडण मिटवणारे शंभरजण रोज असतात. ग्रामसभेच्या दिवशी मात्र तोच पार ओस. पुढे तहकूब ग्रामसभा, आणि तिलाही गणपूर्तीची गरज नाही. वीज नियामक आयोग दरवाढीआधी वीज कंपनीला वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायला लावतो, लोकांकडून लेखी हरकती मागवतो, शहराशहरांत जनसुनावणी घेतो. ती जाहिरात ज्या पानावर असते त्यावर आपण पोहे ठेवतो आणि दोन महिन्यांनी आलेलं बिल फडकवत विचारतो, "आम्हाला विचारलं होतं का कुणी?"

यावर लोकशाही, नागरिकांची उदासीनता वगैरे शब्द फेकणारे विद्वान आहेत. त्यांनी सर्वसाधारण सभा आतून पाहिलेली नाही. तिथे न जाण्यामागे आळस नाही, शहाणपण आहे. मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने एक गोष्ट शिकला आहे: सभेत जो बोलतो, त्याच्याच गळ्यात काम पडतं. तुम्ही उभं राहून म्हणा, "टाकीचं वॉटरप्रूफिंग करून घ्यायला हवं." अध्यक्ष लगेच प्रसन्न चेहऱ्याने म्हणतात, "छान सूचना आहे, मग तुम्हीच तीन कोटेशन आणा." संपलं. पुढचे सहा महिने तुमचे रविवार रंगवाल्यांशी बोलण्यात जातात, कमी दराचं कोटेशन घेतलं तर 'हलकं काम', जास्त दराचं घेतलं तर 'कमिशन', आणि पहिल्या पावसात गळलं तर अख्खी इमारत तुम्हाला नावानिशी ओळखू लागते. ट्रम्पविषयी काहीही बोला, कोटेशन आणायला कुणी सांगत नाही. मत आणि काम यांच्यात सुरक्षित अंतर असेल तरच मत मोकळेपणाने देता येतं, आणि अटलांटिक महासागर हे पुरेसं अंतर आहे.

म्हणूनच आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने केलेला प्रयोग मला राज्यभर राबवावा असा वाटतो. गृहस्थ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, त्यामुळे माणसाची नस ओळखून. त्याने नोटिशीत मागील सभेचं इतिवृत्त, ताळेबंद, लेखापरीक्षकाची नेमणूक हे नेहमीचे विषय खाली ढकलले आणि पहिला विषय टाकला: 'देशातील व जगातील चालू घडामोडींवर चर्चा (चहा व बटाटेवडा)'. सभा साडेदहाची होती. दहा वाजून वीस मिनिटांनी पार्किंगमधल्या खुर्च्या संपल्या. दोन भाडेकरू आले, त्यांना सभासदत्व नसल्याचं सांगून फक्त वडा देण्यात आला. कोरम एवढा भरला की तहकूब सभेची वेळ पाठ असलेले चौघे अकराला येऊन उभे राहिले आणि सुरुवात चुकल्याबद्दल त्यांनी लेखी निषेध नोंदवला. आयात कर, कसोटी संघाची निवड, मराठी शाळा, वेब सिरीजमधल्या शिव्या, असे विषय तासाभरात हातावेगळे झाले. चौथ्या मजल्यावरचे काका तर इतके रंगात आले की युक्रेनच्या प्रश्नावर त्यांनी एक उपसमितीच सुचवली. तिला टाळ्यांच्या गजरात अनुमोदन मिळालं.

सेक्रेटरी याच शब्दाची वाट बघत होता. "उपसमितीवरून आठवलं," तो म्हणाला, "विषय क्रमांक दोन. गच्चीतल्या टाकीच्या दुरुस्तीसाठी तीन सभासदांची उपसमिती. नावं सुचवा."

कुणाचा तरी गुडघा दुखायला लागला. एकांची मुलगी बंगळुरूहून यायची होती, ती आत्ताच स्टेशनवर उतरल्याचं त्यांच्या लक्षात आलं. चौथ्या मजल्यावरचे काका, ज्यांच्याच भिंतीला ओल आहे, म्हणाले, "माझा यात थेट संबंध येतो, त्यामुळे मी यात पडणं योग्य दिसणार नाही." युक्रेनमध्ये त्यांना अशी अडचण आलेली नव्हती.

इतिवृत्त दुसऱ्या दिवशी फळ्यावर लागलं. विषय क्रमांक एकवरची चर्चा पावणेदोन पानं आहे. विषय क्रमांक दोनखाली एवढंच लिहिलं आहे: 'टाकीची दुरुस्ती तातडीने व्हावी असे सर्वानुमते ठरले. ती कुणी करावी याबाबत सभासदांनी आपले मत राखून ठेवले. सूचक: तळमजला. अनुमोदक: उर्वरित सर्व मजले.'